मुक्त सॉफ्टवेअर: तक्रारींचा पूर, देखभालीचा दुष्काळ

स्वीडनमधील संगणकतज्ज्ञ डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२६ मध्ये एक छोटा पण सूचक निर्णय जाहीर केला. ‘कर्ल’ या त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरमधील सुरक्षाविषयक दोष शोधून देणाऱ्यांना रोख बक्षीस देण्याची योजना त्या महिन्याच्या अखेरीस बंद करण्यात आली. २०१९ पासून चाललेल्या या योजनेतून ८७ खरे दोष उजेडात आले होते आणि ते शोधणाऱ्यांना एकूण एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती. योजना फसली होती, असे म्हणता येणार नाही. ती बंद करावी लागली ती तक्रारींच्या पुरामुळे. पूर्वी शंभर अहवालांपैकी पंधराहून अधिक खरे निघत. २०२५ मध्ये हे प्रमाण पाचाच्याही खाली घसरले. उरलेले अहवाल वाचणे, तपासणे आणि सकारण नाकारणे यातच मूठभर जणांचा वेळ आणि उत्साह खर्ची पडू लागला होता.

कर्लचे काम दिसायला साधे आहे. इंटरनेटवरून एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे माहिती नेणे आणि आणणे, एवढेच ते करते. मात्र १९९८ पासून या नावाने उपलब्ध असलेली ही आज्ञावली आज मोबाईल फोन, दूरचित्रवाणी संच, मोटारी आणि बँकांचे सर्व्हर अशा असंख्य ठिकाणी बसवलेली असते. ती वापरणाऱ्या बहुतेकांनी तिचे नावही ऐकलेले नसते. त्यामुळे ही घटना एका प्रकल्पापुरती राहत नाही. जे सॉफ्टवेअर सर्वांचे आहे त्यातील दोषाची तक्रार कोणाकडे करायची, कोणत्या हक्काने करायची आणि तो दूर करण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न तिच्या निमित्ताने पुन्हा ऐरणीवर आला आहे.

तक्रारीतून जन्मलेली चळवळ

मुक्त सॉफ्टवेअरचा उगमच एका वापरकर्त्याच्या तक्रारीत आहे, हे या संदर्भात लक्षात घ्यावे लागेल. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल केला होता आणि कागद अडकला की संबंधितांना संदेश जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची स्रोतसंहिता, म्हणजे सोर्स कोड, मात्र त्यांना मिळू शकली नाही. दोष दिसत होता, तो हाताळण्याची क्षमता होती, पण परवानगी नव्हती. या अनुभवाने अस्वस्थ झालेल्या स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. वापरणाऱ्याला सॉफ्टवेअर तपासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार असावा, हे त्याचे सूत्र होते.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या संगणक प्रणालीची वार्ता जगाला दिली, तीही लोकांना काय आवडते आणि काय खटकते हे विचारतच. पुढे लिनक्स म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्रणालीच्या यशाची मीमांसा एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये केली. पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष फार काळ लपून राहत नाही आणि वापरकर्ता हा सहनिर्माताच असतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

या विचाराने एका पिढीला भारून टाकले. त्यातील अर्धे गणित मात्र मांडायचे राहून गेले. डोळे वाढले की दोष दिसतात, हे खरे. पण दिसलेला दोष दुरुस्त करण्यासाठी हात लागतात. गेल्या तीन दशकांत डोळ्यांची संख्या अफाट वाढली. हातांची संख्या अनेक महत्त्वाच्या प्रकल्पांत एक, दोन किंवा फार तर पाच-सहा एवढीच राहिली. वापरकर्ते आणि देखभालकर्ते यांच्यातील आजच्या तणावाचे मूळ या विषमतेत आहे.

एकच अहवाल, दोन वाचने

सॉफ्टवेअरमधील दोषाला ‘बग’ आणि त्याच्या लेखी तक्रारीला ‘बग रिपोर्ट’ म्हणतात. चांगल्या अहवालाची अपेक्षा साधी असते. कोणती आवृत्ती कोणत्या यंत्रावर चालवली, नेमके काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे त्यात असावे. तोच दोष दुसऱ्याला आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहता आला, तर निम्मे काम झाले असे समजतात. ‘पुट्टी’ या प्रसिद्ध आज्ञावलीचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये या विषयावर एक मार्गदर्शक निबंध लिहिला. तो अनेक भाषांत गेला, यावरूनच ही अडचण किती सार्वत्रिक आहे हे कळते.

प्रत्यक्षात येणाऱ्या अनेक तक्रारी ‘चालत नाही’ या दोन शब्दांपाशी थांबतात. देखभालकर्त्याच्या दृष्टीने असा अहवाल म्हणजे रुग्णाने वैद्याला दुरून ‘बरे वाटत नाही’ एवढेच कळवण्यासारखे आहे. मग उलट प्रश्न विचारणे आले, उत्तराची वाट पाहणे आले. बऱ्याचदा उत्तर येतच नाही, आणि आलेच तर त्यात संताप असतो. दिवसभराची नोकरी करून रात्री हे काम करणाऱ्याला अशी दहा पत्रे रोज आली, तर अकराव्या पत्रातील सभ्य आणि नेमक्या तक्रारीकडेही तो थकलेल्या नजरेने पाहतो.

वापरकर्त्याचे वाचन निराळे असते. त्याचे काम अडलेले असते, कदाचित दिवसभराचे लिखाण गेलेले असते. तरीही वेळ काढून तो तक्रार नोंदवतो. उत्तरादाखल त्याला एक लांबलचक अर्ज भरायला सांगितले जाते, नवी आवृत्ती बसवून पाहण्याची सूचना मिळते आणि पुढे कित्येक महिने शांतता असते. अखेरीस एखादी स्वयंचलित यंत्रणा ‘बराच काळ हालचाल नाही’ या कारणाने ती तक्रार परस्पर बंद करते. दोष जागेवरच असतो, नोंद मात्र निकालात निघालेली असते. सरकारी कचेरीत अर्ज ‘दप्तरी दाखल’ झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही.

या संवादाची साधनेही दीर्घकाळ अपुरी होती. बहुसंख्य प्रकल्प ज्या ‘गिटहब’ या सेवेवर नांदतात, तिच्याकडे जानेवारी २०१६ मध्ये अनेक देखभालकर्त्यांनी एका अनावृत पत्राद्वारे गाऱ्हाणे मांडले. तक्रारीत किमान आवश्यक माहिती मागण्याची सोय नाही आणि ‘मलाही हीच अडचण’ अशा निव्वळ दुजोऱ्यांनी नोंदी भरून जातात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तक्रारीचे नमुने आणि दुजोऱ्यासाठी चिन्हे या दोन्ही सोयी सुरू झाल्या. साधने सुधारली. भांडण मात्र मिटले नाही, कारण ते मुळात साधनांचे नव्हतेच.

दोघेही बरोबर, तरी वाद

नोव्हेंबर २०१० मध्ये ‘फेडोरा’ या लिनक्स वितरणाची चौदावी आवृत्ती आली. तिच्या ६४ बिटांच्या संगणकांवर इंटरनेटवरील चित्रफितींचा आवाज चिरका आणि तुटक येऊ लागला. शोध घेता कारण सापडले ते ‘जीलिबसी’ या पायाभूत ग्रंथालयात. संगणकाच्या स्मृतीतील माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवून ठेवणारे एक छोटे फंक्शन त्यात आहे. जुनी जागा आणि नवी जागा एकमेकींवर आलेल्या असतील तर हे फंक्शन वापरू नये, असा नियम सी भाषेच्या मानकात आधीपासून आहे. अॅडोबी कंपनीचा फ्लॅश प्लेयर हा नियम मोडत होता. पण जुने फंक्शन माहिती पुढून मागे क्रमाने उतरवत असल्याने ते खपून जात होते. नव्या प्रोसेसरवर वेग वाढावा म्हणून हा क्रम बदलला आणि झाकलेली चूक बाहेर आली.

ग्रंथालयाच्या बाजूचे म्हणणे होते की त्यांचा बदल नियमाला धरून आहे. चूक फ्लॅशची आहे, ती अॅडोबीने सुधारावी. या तक्रारीच्या चर्चेत स्वतः टोरवाल्ड्स वापरकर्ता म्हणून उतरले. सामान्य माणसाला नियमावलीशी कर्तव्य नसते. काल चालणारी गोष्ट आज बंद पडली, हेच त्याच्या दृष्टीने सत्य असते, अशी त्यांची भूमिका होती. तोडगा २०११ मध्ये निघाला. जीलिबसीच्या २.१४ या आवृत्तीत नव्याने तयार होणाऱ्या आज्ञावल्यांना नवे फंक्शन आणि आधीच तयार असलेल्यांना जुने, सुरक्षित वर्तन देण्याची व्यवस्था झाली.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ‘चूक कोणाची’ या प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहिली तोवर आवाज चिरकाच राहिला; ‘वापरणाऱ्याची अडचण कशी थांबेल’ हा प्रश्न पुढे आला तेव्हा मार्ग निघाला. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. फ्लॅश हे बंदिस्त सॉफ्टवेअर होते; त्याच्या दारावर थाप मारून उपयोग नव्हता. जीलिबसीचे दार उघडे होते, म्हणून गर्दी तिकडे झाली. मुक्त प्रकल्पांच्या वाट्याला येणाऱ्या रोषाचा मोठा भाग असा दुसऱ्याच्या दारातून वळून आलेला असतो. मोटारीतील पडद्यावरच्या परवाना-मजकुरात स्टेनबर्ग यांचा ईमेल पत्ता पाहून मोटारमालकांनी त्यांनाच वाहनातील दोषांविषयी पत्रे लिहिल्याचे प्रकार याच जातीचे आहेत. मोटार बनवणारी कंपनी दूर असते आणि तिचे उत्तर यांत्रिक असते. परवान्यात मात्र एका जिवंत माणसाचे नाव असते.

फुकट माल, पक्की मागणी

मुक्त सॉफ्टवेअरच्या जवळजवळ प्रत्येक परवान्यात एक कलम असते. हे सॉफ्टवेअर ‘आहे तसे’ दिले आहे, त्याची कोणतीही हमी नाही, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. कायद्याच्या भाषेत देणाऱ्याचे उत्तरदायित्व तेथे संपते. व्यवहारात मात्र ते कलम कोणी वाचत नाही आणि मोठ्या कंपन्या तर ते वाचूनही विसरतात.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला तेव्हा जगाला याची पहिली मोठी जाणीव झाली. इंटरनेटवरील बँक व्यवहार आणि पासवर्ड यांचे रक्षण करणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये तो २०१२ पासून होता. जगातील बलाढ्य कंपन्या ज्यावर विसंबून होत्या, त्या प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलरच्या होत्या. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने अशा पायाभूत प्रकल्पांसाठी मोठ्या कंपन्यांनी एकत्र निधी उभारला. पण धडा पुरता गिरवला गेला नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या आज्ञावलीतील गंभीर दोषाने जगभर धावपळ उडवली. ज्या सुविधेतून हा दोष उद्भवला ती २०१३ मध्ये एका वापरकर्त्याच्या मागणीवरून आली होती आणि जुन्या वापरकर्त्यांची गैरसोय नको म्हणून पुढे ठेवली गेली होती. मागणीला दिलेला प्रत्येक होकार हा पुढील अनेक वर्षांच्या देखभालीचा करार असतो, हे यातून दिसले. या काळात देखभालकर्ते स्वयंसेवक म्हणून रात्रंदिवस दुरुस्त्या देत होते आणि त्याच वेळी टीकाही झेलत होते.

याच प्रकरणाचे एक उपकथानक बोलके आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील एका अवाढव्य कंपनीने स्टेनबर्ग यांना पत्र पाठवून लॉगफोरजेविषयीच्या प्रश्नांची उत्तरे चोवीस तासांत देण्यास फर्मावले. कर्लचा त्या दोषाशी काहीही संबंध नव्हता आणि कंपनीने कर्लच्या साहाय्यासाठी कधी एक डॉलरही दिलेला नव्हता. साहाय्याचा करार केल्यास उत्तरे आनंदाने देऊ, असे स्टेनबर्ग यांनी कळवले. कंपनीच्या कागदपत्रांत ते ‘पुरवठादार’ म्हणून नोंदलेले असावेत. ज्याला आपण काहीच देत नाही त्याला पुरवठादार समजणे, या एका गैरसमजात सारा संघर्ष सामावला आहे.

तक्रारीचे हत्यार

हा ताण केवळ मनस्तापाचा विषय नाही, सुरक्षेचाही आहे, हे मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ प्रकरणाने दाखवून दिले. माहिती दाबून लहान करण्याचे हे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकात असते. लासे कॉलिन हे ते वर्षानुवर्षे जवळपास एकट्याने सांभाळत होते. २०२२ मध्ये ‘जिगर कुमार’ आणि ‘डेनिस एन्स’ अशा नावांनी काही जण त्यांच्यावर तगादा लावू लागले. दुरुस्त्या रखडल्या आहेत, नवी आवृत्ती येत नाही, जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे सोपवा, असा त्यांचा सूर होता. आपण मानसिक आरोग्याच्या दीर्घ तक्रारींशी झुंजत आहोत आणि हे विनामोबदला छंदाचे काम आहे, असे कॉलिन यांनी त्या वेळी सांगितले होते.

अखेर ‘जिया तान’ या नावाने मदतीला पुढे आलेल्या, चांगले काम करून विश्वास मिळवलेल्या व्यक्तीकडे अधिकार गेले. २०२४ च्या प्रारंभी त्याच नावाने आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा दडवलेला होता. तगादा लावणारी नावे बनावट होती आणि तो दबाव याच कटाचा भाग होता, असा सुरक्षातज्ज्ञांचा निष्कर्ष आहे.

कट उघडकीस आणला तो एका दक्ष वापरकर्त्याने. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा छडा लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. चोरदरवाजा तोवर बहुतांश चाचणी आवृत्त्यांतच पोहोचला होता. मोठा अनर्थ टळला. वाईट हेतूने केलेल्या तक्रारींनी दार उघडले आणि चिकाटीने लिहिलेल्या एका अहवालाने ते बंद केले. वापरकर्त्याचे दोन चेहरे एकाच घटनेत इतके स्पष्ट क्वचितच दिसले असतील.

यंत्राने लिहिलेले अहवाल

गेल्या काही वर्षांत या संघर्षात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. पूर्वी खोटा अहवाल लिहिण्यासही थोडे श्रम पडत. आता सफाईदार भाषेतला, अस्तित्वात नसलेल्या दोषाचे ठासून वर्णन करणारा अहवाल क्षणात तयार होतो. तो खोटा आहे हे सिद्ध करायला मात्र जाणत्या माणसाचे काही तास लागतात. कर्लच्या बक्षीस योजनेचा बळी या विषम व्यवहाराने घेतला.

यंत्राचा प्रत्येक शोध खोटा असतो, असेही नाही. २०२५ मध्ये गूगलच्या स्वयंचलित शोधयंत्रणेने ‘एफएफएमपेग’ या चित्रफीत-प्रणालीत एक खरा दोष दाखवला. तो होता १९९५ च्या एका व्हिडिओ गेमची चित्रफीत उलगडणाऱ्या भागात. देखभालकर्त्यांनी तो दुरुस्त केला, पण सवालही केला: अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपनीला दोष शोधण्याची यंत्रे परवडतात, तर सोबत दुरुस्ती किंवा निधी पाठवणे का परवडू नये? दोष लवकर जाहीर झाला की लोक सावध होतात, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही निराधार नाही. मात्र जाहीर करण्याच्या मुदतीचे घड्याळ स्वयंसेवकाच्या उशाशी टिकटिकत असते.

त्याच वर्षी ‘लिबएक्सएमएल२’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्रंथालयाचे देखभालकर्ते निक वेलनहोफर यांनी सुरक्षा-दोषांना यापुढे गुप्ततेची वेगळी वागणूक मिळणार नाही, ते इतर दोषांप्रमाणेच वेळ मिळेल तसे हाताळले जातील, असे जाहीर केले. दर आठवड्याचे कित्येक तास विनामोबदला या अहवालांत जात असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे ते या जबाबदारीतून बाजूला झाले.

उलट अनुभवही नोंदवण्याजोगा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका संशोधकाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कर्लमधील संभाव्य दोषांची मोठी यादी पाठवली. तिच्यातून सुमारे पन्नास दुरुस्त्या झाल्या आणि स्टेनबर्ग यांनी तिचे मोकळेपणाने कौतुक केले. साधन तेच, फळ वेगळे. कारण पाठवणाऱ्याला आपण काय पाठवत आहोत हे कळत होते. म्हणजे प्रश्न माणूस की यंत्र असा नाही. अहवालाची जबाबदारी कोणी घेतली आहे की नाही, एवढाच तो आहे.

ताळ्याची दुसरी बाजू

देखभालकर्त्यांची बाजू मांडताना त्यांच्या वागणुकीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. नवख्याला फटकारणे, ‘आधी कागदपत्रे वाचा’ असे तुटक उत्तर देणे, ‘स्रोतसंहिता उघडी आहे, स्वतःच दुरुस्त करा’ असे सुनावणे, ही या क्षेत्रातील जुनी रीत आहे. खुद्द टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या बोचऱ्या भाषेबद्दल माफी मागितली, काही काळ काम थांबवले आणि लिनक्स कर्नलसाठी आचारसंहिता स्वीकारली गेली.

स्वतः दुरुस्त करण्याचा सल्ला बहुतेकांना अमलात आणता येत नाही. पण ज्याला आज्ञावली लिहिता येत नाही, त्याचे ज्ञान कमी मोलाचे नसते. मराठीचेच उदाहरण घेता येईल. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. दोहोंतील फरक रकाराच्या एका वळणाचा आहे. युनिकोड प्रमाणात त्याची स्वतंत्र तरतूद आहे. पण एखादा फॉन्ट किंवा अक्षरे जुळवणारी प्रणाली ती पाळण्यात चुकली, तर दरीचा समुद्र होतो आणि ही चूक मराठी न जाणणाऱ्या निष्णात अभियंत्यालाही दिसणार नाही. रेड हॅट कंपनीच्या ‘लोहित’ या मुक्त फॉन्टमालिकेची देखभाल पुण्यातील तंत्रज्ञांनी दीर्घकाळ केली, याचे महत्त्व इथे कळते. तक्रार समजणारा माणूस तक्रार करणाऱ्याच्या भाषेतला होता. भारतीय भाषांना मुक्त सॉफ्टवेअरमध्ये स्थान मिळवून देण्यात अशा दोषनोंदींचा वाटा मोठा आहे.

भारताचा संबंध आणि पुढील मार्ग

गिटहबवरील विकसकांच्या संख्येत भारत अमेरिकेच्या पाठोपाठ आहे. या संख्येबरोबर काही अप्रिय प्रसंगही आले. ऑक्टोबर २०२० मध्ये ठरावीक संख्येने बदल सुचवणाऱ्यास टी-शर्ट देणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात निरर्थक बदलांचा भडिमार झाला. त्यात भारतीय विद्यार्थ्यांचा भरणा लक्षणीय होता. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एका शिकवणीच्या व्हिडिओतील उदाहरण गिरवत अनेक विद्यार्थ्यांनी ‘एक्सप्रेस’ या प्रसिद्ध प्रकल्पाच्या माहितीपत्रात स्वतःची नावे घालण्याचे प्रस्ताव पाठवले. या मुलांचा हेतू वाईट नव्हता. नोकरीच्या अर्जात ‘योगदान’ दाखवण्याची घाई होती आणि पलीकडे एक माणूस बसला आहे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज्ञावली लिहायला शिकवतात. दोष नेमका कसा नोंदवावा, हे शिकवणे अद्याप दुर्मिळ आहे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय यंत्रणेत मुक्त सॉफ्टवेअरच्या वापराला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. केरळमधील सरकारी शाळांनी तर असे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले आहे. परवाना-शुल्काची बचत हा या धोरणांचा एक मोठा लाभ आहे. त्या बचतीतील काही हिस्सा ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे जावा का, हा प्रश्न मात्र अजून पुरेसा चर्चिला गेलेला नाही. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, हे या दिशेने उल्लेखनीय पाऊल म्हणावे लागेल. जर्मनीने २०२२ पासून सरकारी निधीतून अशा पायाभूत प्रकल्पांना साहाय्य सुरू केले असून कर्ल आणि लॉगफोरजे हेही त्याचे लाभार्थी आहेत.

युरोपीय संघाचा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आलेला सायबर लवचिकता कायदा याहून एक पाऊल पुढे जातो. त्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. उत्पादनात वापरलेल्या मुक्त घटकात दोष आढळला, तर उत्पादकाने तो देखभालकर्त्याला कळवावा आणि स्वतः दुरुस्ती तयार केली असेल तर तीही द्यावी, असे हा कायदा सांगतो. छंद म्हणून विनामोबदला काम करणाऱ्या व्यक्तीवर तो उत्पादकाची बंधने लादत नाही. नफा जिथे आहे तिथे जबाबदारी, हे तत्त्व यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे कायद्यात उतरले आहे.

निधी आणि कायदा यांनी सारे प्रश्न सुटतील, असे नाही. पैसा आल्याने थकलेला माणूस लगेच ताजातवाना होत नाही आणि सक्तीने पाठवलेली दुरुस्ती चांगलीच असेल याची खात्री नसते. तरीही संघर्षाची मांडणी बदलण्याची गरज आहे. वापरकर्ता विरुद्ध देखभालकर्ता असे हे भांडण दिसते, पण ते दोघेही बहुधा आपापल्या परीने बरोबर असतात आणि दोघेही बहुधा एकटे असतात. ज्यांना या श्रमाचा सर्वाधिक लाभ होतो, ते त्यांच्या संवादात हजरच नसतात.

सामान्य वापरकर्त्याच्या हातात एक गोष्ट निश्चित आहे. तक्रार करावी, जरूर करावी. फ्रॉइंड यांनी अर्ध्या सेकंदाची दखल घेतली नसती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. मात्र ती नेमकी, पडताळलेली आणि पलीकडच्या माणसाचे भान ठेवून केलेली असावी. गावातील पाणवठा सर्वांचा असतो. गाळ साचल्याचे सांगणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे. पण वर्षानुवर्षे एकट्यानेच गाळ उपसणाऱ्याला कधीतरी कोणी विचारले पाहिजे, की दुसरे फावडे कुठे मिळेल.